बॉयलरची मालकीण

वेनेताबाई गार्वालोवांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती. आधी ऐकून, ऐकलेलं परत म्हणून दाखवून मग बटणाला हात लावणारी, आणि आधी हात लावून मग "काय म्हणालात?" असं विचारणारी. जावई दुसऱ्या प्रकारातला आहे हे त्यांनी लग्नाच्या जेवणातच ओळखलं होतं. तेव्हापासून आपलं मत बदलावं असं त्या गृहस्थानं काही केलेलं नव्हतं.

रुसे शहराच्या वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात बाईंची एकतीस वर्षं गेली. भिंतभर शहराचा नकाशा, त्यावर लाल-हिरवे दिवे, पुढ्यात टेलिफोन आणि नोंदवही. पंच्याऐंशीच्या त्या कडक हिवाळ्यात वीज पुरेना, तेव्हा तीन तास चालू, तीन तास बंद असा फेरा लागला होता. तो फेरा बाईंच्या हातानं फिरायचा. पाळी आली की त्या स्वतःची इमारतही बंद करत, घड्याळाच्या ठोक्याला. जिन्यात शेजारणी तोंडावर शिव्या देत. आई काळोखात कांबळं पांघरून बसलेली असे आणि म्हणे, "दहा मिनिटं जास्त दिली असतीस, तर सूप तरी शिजलं असतं."

"ती दहा मिनिटं पलीकडच्या वस्तीची आहेत, आई," बाई म्हणत आणि बूट काढत. याहून जास्त खुलासा त्यांनी कधी कुणाला दिला नाही.

अशा बाईच्या दारात मे महिन्यातल्या एका शनिवारी जावई कालोयान उभा राहिला. बरोबर मुलगी इस्क्रा होती. दोघं सोफियाहून गाडीनं आली होती. कालोयानच्या हातात एक पांढरी डबी होती आणि चेहऱ्यावर देणगीदाराचं हसू.

"आई, आजपासून तुमचं घर स्मार्ट!" तो म्हणाला.

"आजवर काय मंद होतं?"

"आई, ऐकून तरी घे," इस्क्रा म्हणाली.

डबी म्हणजे घराचा मेंदू, असं कालोयाननं समजावलं. ती इंटरनेटला जोडायची, मग एकेक वस्तू तिला जोडत जायचं आणि सगळं घर फोनवरून चालवायचं. पहिली वस्तू बॉयलर. न्हाणीघरातल्या त्या पाणी तापवायच्या टाकीचं बटण बाहेर बोळात होतं. ते दाबायचं, तासाभरानं बंद करायचं आणि मग अंघोळीला जायचं, हे बाई चाळीस वर्षं करत होत्या. आता त्या बटणाच्या जागी काड्यापेटीएवढा स्मार्ट स्विच बसणार होता.

"बोळात चार पावलं चालावी लागतात, ती वाचवायला तू तीनशे किलोमीटर गाडी हाकत आलास?" बाईंनी विचारलं.

कालोयान हसला. त्याला तो विनोद वाटला.

स्विच भिंतीत बसवायला अर्धा तास गेला, कारण मुख्य वीज बंद केली का, हे बाईंनी त्याला तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा स्वतः जाऊन बंद केली. मग जोडणी सुरू झाली. स्विचवरचा निळा दिवा लुकलुकत राहिला आणि फोनवर गोल चकती फिरत राहिली. वस्तू सापडली नाही. पुन्हा. वस्तू सापडली नाही. कालोयाननं डबी बंद करून चालू केली, फोन बंद करून चालू केला, खुर्चीवर चढून फोन छताकडे धरला.

"या पॅनेलच्या इमारती!" तो घाम पुसत म्हणाला. "भिंतीत नुसतं लोखंड भरलंय. सिग्नल कुठून जाणार?"

बाई स्वयंपाकघरात बसून, चष्मा लावून, त्यानं कचऱ्याच्या पिशवीत टाकलेलं माहितीपत्रक वाचत होत्या. चौदाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो, स्विचला त्यातल्या फक्त जुन्या, संथ लहरी कळतात, तेव्हा फोनही जोडणीपुरता त्याच लहरींवर ठेवावा. बाईंनी पान दुमडलं आणि कॉफी ठेवली. कॉफी उकळली, ओतली, प्यायली. आणखी चाळीस मिनिटं त्यांनी जावयाला खुर्चीवर उभं राहू दिलं.

"चौदावं पान," मग त्या म्हणाल्या.

"काय?"

"हेच. आधी 'काय'. जावईबापू, वाचता येतं ना? चौदावं पान!"

पाच मिनिटांत जोडणी झाली. कालोयाननं फोनवर बोट टेकवलं, भिंतीत टक् असं वाजलं आणि बॉयलरचा लाल दिवा लागला. त्यानं टाळी वाजवली. इस्क्रानं फोटो काढला.

बाई मात्र स्विचच्या पाठीवरचे आकडे वाचून बसल्या होत्या. "हा दहा अँपिअरचा आहे. बॉयलर तेरा ओढतो."

"आई, याला पाचपैकी पावणेपाच तारे आहेत. हजारो लोक वापरतात."

"ताऱ्यांवर वायर थंड राहते का?"

"आई, सुट्टीच्या दिवशी भांडण नको हं," इस्क्रा म्हणाली. विषय बनित्सावर, बाईंनी केलेल्या चीजच्या खुसखुशीत पाईवर गेला आणि बनित्सा संपल्यावर ती दोघं सोफियाला परतली.

सोमवारी सकाळी बाईंनी स्विचला हात लावून पाहिला. चांगलाच तापला होता आणि प्लास्टिकचा वास येत होता. त्यांनी मुख्य वीज तोडली, गच्चीतल्या कपाटातून जुना दणकट कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा स्विच, काढला आणि बॉयलरचा सगळा भार त्याच्यावर टाकला. जावयाच्या काड्यापेटीकडे फक्त त्या कॉन्टॅक्टरला इशारा द्यायचं काम उरलं. त्याच्या लायकीचं तेवढंच काम आहे, असं बाई शेजारच्या रादकाला म्हणाल्या. ते काड्यापेटीबद्दल होतं की जावयाबद्दल, हे रादकानं विचारलं नाही.

गुरुवारी इस्क्राचा फोन आला. "आई, बरी आहेस ना? दोन दिवस बॉयलर लागला नाही."

बाईंना क्षणभर कळेचना. "तुला कसं माहीत?"

"फोनवर दिसतं ना. कालोयाननं मलाही जोडलंय. अंघोळ केली नाहीस?"

एकाहत्तर वर्षांच्या वेनेताबाईंची कानशिलं तापली. आईनंही त्यांना हे सहाव्या वर्षानंतर विचारलं नव्हतं. "रादकाकडे केली," त्या धडधडीत खोटं बोलल्या आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात दोनदा त्यांनी नुसताच बॉयलर चालू करून ठेवला, आणि असं करावं लागतंय याची त्यांना स्वतःचीच किळस आली.

पण कळस पुढेच होता. एका संध्याकाळी तासभर आधी स्विच दाबून, डोक्याला साबण लावून त्या नळाखाली उभ्या राहिल्या तर पाणी बर्फासारखं. टॉवेल गुंडाळून त्यांनी जावयाला फोन लावला.

"हो, मीच वेळ लावून दिलीय," कालोयान उत्साहानं म्हणाला. "तुमच्या वापराचा आलेख पाहिला. सकाळी सहा ते सात बॉयलर चालला की पुरतं, एरवी तो आपोआप बंद होतो. तुम्ही सकाळी अंघोळ करत जा, आई."

"मला न विचारता?"

"काळजीपोटीच केलं हो!"

"अख्ख्या शहराचा दिवा माझ्या हातात होता, कालोयान," बाई हळू आवाजात म्हणाल्या. साबण डोळ्यांत उतरत होता. "पण कुणी कधी न्हायचं, हे मी एकदाही कुणाला सांगितलं नाही. तू एक बॉयलर हातात आल्याबरोबर सांगायला लागलास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माहितीपत्रक पहिल्या पानापासून एकतिसाव्या पानापर्यंत वाचलं. टाचणीनं डबीचं भोक दहा सेकंद दाबून जावयाची सगळी कारागिरी पुसली. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावानं डबी नव्यानं उभी केली. स्विचचं बटण निळा दिवा लुकलुकेपर्यंत धरलं. चार मिनिटांत वस्तू सापडली. कालोयाननं तिला 'आईंचा लाडका बॉयलर' असं नाव ठेवलं होतं. बाईंनी नुसतं 'बॉयलर' लिहिलं. 'आणखी कुणाला जोडायचं का?' असं फोननं विचारलं. बाईंनी 'नाही' दाबलं.

खरं सांगायचं तर नंतर त्यांना ती सोय आवडली. बाजारातून परतताना ट्रॉलीबसमधून बॉयलर लावता यायचा. पण हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी जीभ छाटून घेतली असती.

मग फोन थांबले. तीन दिवस, आठ दिवस, अकरा दिवस. सुरुवातीला बाईंना ते विजयासारखं वाटलं. बाराव्या दिवशी त्यांनीच इस्क्राला फोन केला.

"तूच आम्हाला काढून टाकलंस," इस्क्रा म्हणाली. तिचा आवाज जड होता. "ऑफिसात बसून मी रोज बघायचे. बॉयलर लागला, म्हणजे आई उठली, आई आहे. आता काही कळतच नाही मला."

"मग विचारायचं. तुला तोंड दिलंय ते कशाला?"

"विचारलं की तू भांडतेस."

"भांडते," बाई म्हणाल्या. "तरी विचार."

तेव्हापासून इस्क्रा रविवारी सकाळी फोन करते. पहिले काही रविवार दोघींना बोलायला विषय सापडेना. इस्क्रा हवामान विचारायची, बाई हवामान सांगायच्या. सप्टेंबरात ती एकटीच बसनं आली आणि दोघींनी गच्चीत बसून हिवाळ्यासाठी दोन पोती लाल ढोबळ्या मिरच्या भाजल्या, सोलल्या. इस्क्रा सालींचे फार मोठे तुकडे मिरचीला ठेवते असं बाईंचं म्हणणं पडलं, आणि त्यांनी ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. कालोयानला कामं होती, म्हणून तो आला नाही. बाईंनी त्याची चौकशी केली नाही.