कान तुटलेले दोन कप

आमच्या आत्याने तीस वर्षं लोकांच्या वाइनचे ग्लास धुतले आणि स्वतःच्या घरात एकही ग्लास ठेवला नाही. "दिवसभर तेच धुवायचे आणि घरी येऊनही तेच? मला काय वेड लागलंय?" असं म्हणायची. तिच्या स्वयंपाकघरात कान तुटलेले दोन पांढरे कप होते. वाइन घ्यायची ती त्यातूनच.

दरवर्षी एका मोठ्या हॉलमध्ये लाल वाइनची परीक्षा असायची. जुन्या, नव्या, सगळ्या वायनरींच्या बाटल्या कापडी पिशव्या घालून एका रांगेत मांडायच्या, म्हणजे कुणाची कुठली ते कळू नये. समोर सात परीक्षक आणि मागे मोरीपाशी आत्या. साबण अजिबात नाही, नुसतं कढत पाणी आणि जुन्या चादरीचं फडकं. धुतलेला प्रत्येक ग्लास नाकाशी धरून हुंगायची, मगच पुढे द्यायची. एकदा एक बडे परीक्षक अत्तर लावून आले, तर हिने त्यांना सगळ्यांदेखत मोरीवर हात धुवायला लावले. त्यांनीही मुकाट्याने धुतले. तिच्यापुढे कुणाचंच काही चालायचं नाही, माझं तर नाहीच नाही.

उरलेल्या बाटल्या घरी न्यायची तिला मुभा होती. बूच लावून ओट्यावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी घोटभर घेऊन बघायची. "पहिल्या दिवशी सगळ्याच गोड बोलतात," म्हणायची. "चार दिवस राहिल्या की कळतात." नव्या वायनरींच्या वाइन बूच काढताच घमघमायच्या आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून बसायच्या. सगळ्यांत जुनी, नामांकित वायनरी होती, तिला सगळे थोरलीच म्हणायचे. थोरलीची वाइन आधी घुमी असायची, मग सावकाश खुलायची. क्वचित एखादी नवी तिसऱ्या दिवशीही टिकायची. तेव्हा आत्या दिवसभर खुशीत असायची, जसं काही हिनेच द्राक्षं तुडवलीत.

मी थोरलीत आठ वर्षं पिंपं घासली. मग डोक्यात किडा वळवळला आणि स्वतःची वायनरी काढली. वायनरी कसली, भाड्याची शेड आणि चार पिंपं. पहिली वाइन परीक्षेला पाठवली, ती चोवीसांत चोविसावी आली. थोरलीची पहिली. त्या संध्याकाळी मी बायकोला सांगून टाकलं की शेड सोडतो, सोमवारपासून दाजींच्या टायरच्या दुकानात जातो. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, कधीपासून बोलावतच होते. बायको एका शब्दाने 'नको' म्हणाली नाही. मला तेच जास्त लागलं.

रविवारी सकाळी आत्याने बोलावून घेतलं. परीक्षेला तीन दिवस झाले होते. ओट्यावर दोन्ही कप भरून ठेवलेले.

"एक थोरलीची, एक तुझी. बघ."

"कशाला जखमेवर मीठ चोळतेस आत्या?"

"बघ म्हटलं ना."

डाव्या कपातली सुरेख होती, मऊ, शांत, घोट गेल्यावरही मागे रेंगाळणारी. उजवीकडची तोंडात घेतल्याबरोबर माझा चेहरा वाकडा झाला.

"डावी चांगली," मी म्हटलं.

"ती तुझी," आत्या म्हणाली.

मी स्टुलावर बसलोच. आणि मग जे तोंड सुटलं माझं! आठ वर्षं पिंपं घासल्याचा सगळा राग उजव्या कपावर काढला. द्राक्षं आठवडाभर आधी तोडलीत, घाई झाली होती यांना. पिंप कोरं करकरीत, लाकूड जिभेला खरवडतंय. सालं नको तितके दिवस रसात ठेवली, म्हणून ही कडवट. एवढं नाव आणि हे काम? लाज वाटायला पाहिजे. आत्या ओटा पुसत ऐकत होती.

"बरं. मग तू हे करू नकोस," एवढंच म्हणाली.

सोमवारी मी शेडवर गेलो. दाजी महिनाभर फुगून बसले होते. पुढच्या हंगामात मी आठवडाभर जास्त थांबलो, जुनी पिंपं आणली, सालं वेळेवर काढली. थोरलीच्या चुका आपण करायच्या नाहीत, हा एकच मंत्र. सहाव्या वर्षी दुसरा आलो आणि नवव्या वर्षी पहिला. आता मलाच लोक जुना, नामांकित म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी एका नवख्या बाईंच्या पहिल्याच वाइनने मला मागे टाकलं. मी दोन्ही बाटल्या घेऊन तणतणत आत्याकडे गेलो. तिचे गुडघे पार गेले होते, खुर्चीतून उठवत नव्हतं. परीक्षकांच्या जिभा कशा मेल्यात ते मी तिला सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या रविवारी मी तुला कप उलटे सांगितले होते."

"म्हणजे?"

"डावी थोरलीची होती. उजवी तुझी."

माझे कान तापले. ते कच्चं द्राक्ष, ते कोरं पिंप, ती कडवट सालं, सगळं माझंच. लाजही मलाच वाटायला हवी होती.

"तेरा वर्षं बोलली नाहीस?"

"तुझी म्हणून सांगितलं असतं, तर एक तरी दोष काढला असतास? रडला असतास आणि टायर विकले असतेस." मग हसली. "शिव्या घालताना काय नेमकं बोलत होतास रे. तेव्हाच कळलं मला, याला जमणार."

त्यानंतर चार महिन्यांनी आत्या गेली. कप माझ्याकडे आहेत. दर परीक्षेनंतर तिसऱ्या दिवशी बायको त्यांत दोन वाइन ओतते, एक माझी आणि एक कुणातरी नव्याची, आणि कुठली कोणाची ते सांगत नाही. जी मला परक्याची वाटते तिला मी पोटभर शिव्या देतो. बऱ्याचदा ती माझीच निघते. मग मी सवयीने ओट्याकडे बघतो. "मग तू हे करू नकोस," असं म्हणायला तिथे आत्या नसते, म्हणून ते मीच म्हणतो.