हाडवैद्याचा घाव

हाडवैद्य हे त्याचं टोपणनाव. खरा हाडवैद्य जित्याजागत्या माणसाचं हाड बसवतो. हा उत्खननात निघालेले सांगाडे मांडायचा आणि कोण कसा मेला ते सांगायचा. याचे पेशंट कधी तक्रार करत नाहीत, अशी सोबतचे लोक थट्टा करत. माणूस मात्र लोण्यासारखा मऊ. राग आला की बाहेर जाऊन एक चक्कर मारून यायचा. कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा तरी आधी समोर येऊन उभा राहायचा. लोक त्याला भित्रा समजत, आणि त्यांचं अर्धं बरोबर होतं. तो भ्यायचा खरा, पण स्वतःच्याच हाताला.

त्याचे बाबा घरात हात चालवायचे. हात, पट्टा, जे सापडेल ते. एका दुपारी त्यांनी दाराचा अडसर उचलला आणि आईच्या डोक्यावर घातला. आईने डावा हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं. हाड मोडल्याचा आवाज पलंगाखाली लपलेल्या त्याने आणि त्याच्या ताईने ऐकला. हात वेडावाकडा जुळला. आजही त्या हाताने तिला बरणीचं झाकण उघडता येत नाही. बाबा पुढे म्हातारे होऊन अंथरुणात सुखाने गेले, हे त्याला कधीच पटलं नाही. त्यात तो वाढत्या वयाबरोबर हुबेहूब बापासारखा दिसू लागला. तीच उंची, तीच पाठ, तोच किंचित वर उचललेला डावा खांदा. अगदी बापावर गेलाय, असं ओळखीचे लोक कौतुकाने म्हणायचे आणि हा आपले हात खिशात घालायचा. हा हात कधी कुणावर उगारायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्याने जन्मभर मनाशी घट्ट धरली होती.

आणि नेमका असा माणूस कत्तलीच्या घरात कामाला लागला. जळून गेलेल्या एका जुन्या वस्तीच्या उत्खननात त्याच्या तुकडीला ते घर सापडलं. चुलीवर मडकं तसंच, आणि खाली जमिनीवर माणसं. एकाच्या गुडघ्याची वाटी फोडलेली, कारण त्याला आधी खाली पाडायचं होतं. दुसऱ्याच्या मानेच्या मणक्यांत कुऱ्हाड दोनदा घुसलेली, कारण पहिल्या घावात तो मेला नव्हता. कोपऱ्यात एक बाई. तिच्या डाव्या हाताचं हाड मनगटाच्या वर तुटलेलं आणि कवटी मागून फुटलेली. जिवंतपणी बसलेल्या घावाची कड गुळगुळीत असते. मातीच्या भाराने नंतर मोडलेलं हाड खडबडीत आणि फिकं दिसतं. त्या घरातल्या सगळ्या कडा गुळगुळीत होत्या. कोपऱ्यातल्या बाईचा हात कसा तुटला, हे ठरवायला तर हाडवैद्याला भिंगसुद्धा लागलं नाही.

त्याची कामाची एक पद्धत होती. घाव नोंदवण्याआधी तो वर्तमानपत्राची सुरळी करून सांगाड्याशेजारी उभा राहायचा आणि मारणारा कुठे उभा असेल, त्याचा हात कुठून आला असेल, ते हळूच करून बघायचा. सुरळी हाडाच्या वर वीतभर थांबायची. इतर जण हसायचे, पण त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

ही सुरळी एका व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीच्या दिग्दर्शकाने पाहिली. वस्तीवरचा हल्ला हाच त्यांच्या नव्या गेमचा विषय होता. घराचा दगड न् दगड त्यांनी कॅमेऱ्यात उतरवून नेला होता. आमच्या नटाला घाव शिकवायला या, अशी त्याने हाडवैद्याला गळ घातली. हाडवैद्य तयार झाला तो मनापासून. संग्रहालयात लोक सांगाड्यापुढून जांभया देत जातात. गेममध्ये ते त्या घरात उभे राहतील, मडक्यात डोकावतील, आणि इथे कुणाचा तरी स्वयंपाक अर्धा राहिला हे त्यांना कळेल, अशी त्याची भाबडी आशा होती.

स्टुडिओ म्हणजे एक रिकामं दालन, चारी भिंतींवर हालचाली टिपणारे कॅमेरे. इथे माणूस जशी हालचाल करेल, तशीच गेममधला हल्लेखोर करणार होता. काळा घट्ट पोशाख घातलेला नट झोकात गिरकी घेऊन कुऱ्हाड फिरवत होता. हाडवैद्याला ते बघवेना. माणूस मारणारा गिरक्या घेत नाही, तो म्हणाला. तो डाव्या हाताने केस धरतो, टाच रोवतो आणि लाकूड फोडावं तसा वरून आखूड घाव घालतो. नटाने खूप प्रयत्न केला, पण काही केल्या जमेना. शेवटी दिग्दर्शकाने तो पोशाख हाडवैद्यालाच चढवला, हातात रबरी कुऱ्हाड दिली आणि समोर कापसाचा माणूस उभा केला.

पहिल्यांदा सवयीप्रमाणे हात वीतभर वर थांबला. दिग्दर्शक म्हणाला, खोटं वाटतंय, जोर हवा. खोटं हा शब्द त्याला झोंबला. त्याने घाव घातला. मग दुसरा. तिसऱ्या घावाला त्या कापडी मानेची शिवण उसवली. बास, असं दिग्दर्शक म्हणाला ते याच्या कानावरच गेलं नाही. त्याने तो बाहुला लाथेने खाली पाडला, डोक्याचं कापड मुठीत धरून ते मागे खेचलं आणि घालतच सुटला. कापूस दालनभर उडाला. नटाने मागून धरलं तर याच्या कोपराने नटाचा ओठ फुटला. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. तो थांबला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हनुवटीवरचं रक्त पुसत त्या नटानेसुद्धा. हाडवैद्य बाथरूममध्ये जाऊन ओकला. रबराची कुऱ्हाड आणि कापसाचा माणूस, असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला बजावत राहिला.

गेम बाजारात आला तसा भावोजींनी तो हौसेने आणला. सुट्टीच्या दिवशी दुपारी ताईकडे सगळे जमले. मुलाचं काम बघायचं म्हणून आई चष्मा लावून टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली. तिला ते घर दाखवताना हाडवैद्याला काय सांगू आणि काय नको असं झालं होतं. ही चूल, हे मडकं, सगळं आम्हाला सापडलं तसंच. चूल छान सारवलीय हो, असं आई म्हणाली, आणि तो खूश झाला.

मग पडद्यावरचं दार फुटलं आणि हल्लेखोर आत आला. चेहरा परका, दाढी मोठी, डोक्याला लोखंडी टोप. पण डावा खांदा किंचित वर. चहाचे कप घेऊन येणारी ताई दारातच थबकली. हल्लेखोराने कोपऱ्यातल्या बाईचे केस धरले आणि टाच रोवली.

"बंद करा ते," ताई म्हणाली. "बाबा आहेत ते."

भावोजींना काही उमगेना. ते बटण शोधत राहिले. घाव पडला. बाईचा हात तुटला. दुसऱ्या घावाला ती जमिनीवर आडवी झाली. आणि इकडे खुर्चीत आईचा डावा हात वर गेला होता. डोक्यापुढे आडवा, तळवा बाहेर, डोळे गच्च मिटलेले. टीव्ही बंद झाला तरी तो हात खाली आला नाही.

हाडवैद्य तिच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसला. तिला धीर द्यायचा म्हणून, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून, त्याने खरं काय ते सांगून टाकलं.

"आई, बाबा नाहीत ते. मी आहे. मीच करून दाखवलंय ते सगळं."

आईने डोळे उघडले. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खांद्यांकडे. तो हात खाली घ्यावा म्हणून त्याने आपला हात पुढे केला, अगदी सावकाश, समोरून. आईने मान आत ओढली आणि तिचा हात आणखी वर गेला.

त्याने हात मागे घेतला, दोन्ही हात पाठीशी धरले आणि तसाच बसून राहिला. मग आईचा हात हळूहळू खाली आला.