समुद्रस्पर्शाची तिथी

आमच्या घराण्यात समुद्राविषयी एक नियम चालत आला आहे. आणि गंमत अशी, की आमच्या कित्येक पिढ्यांत समुद्र कोणी पाहिलेलाच नव्हता. समुद्राचे दर्शन कोणत्याही दिवशी घ्यावे, त्याला नमस्कारही कोणत्याही दिवशी करावा. स्पर्श मात्र पौर्णिमा, अमावास्या अशा पर्वकाळीच करावा. पैठणला गोदावरीत स्नान करताना माझ्या वडिलांनी मला हे सांगितले होते. पुढे मी आयुष्यभर संस्कृत शिकवले आणि हा नियम कित्येक वर्गांना समजावून दिला. छत्रपती संभाजीनगरात राहून तो पाळायला मला कधीच काही कष्ट पडले नाहीत.

माझी पत्नी बिडकीनची. दोन वर्षांपासून तिचे दोन्ही गुडघे तिला पायरी चढू देत नव्हते. गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला, त्या संध्याकाळी वाती वळता वळता ती म्हणाली, "हे गुडघे जायच्या आधी एकदा समुद्रात उभी राहीन म्हणते. ह्याच पायांवर."

"पैठणच्या धरणाचा आपला नाथसागर काय थोडा आहे?" मी विचारले.

"त्याच्या पलीकडच्या काठाला माझी मावशी दिलेली आहे. तो कसला सागर."

लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाली होती आणि तिने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला फारसे आठवत नव्हते. मी मुलीला दूरध्वनी केला. ती पुण्यात नोकरी करते. तिने लगेच कोकणातल्या एका किनाऱ्यावरचे ठिकाण शोधले. सुरूच्या बनात लाकडी खोल्या आणि त्यांच्या पलीकडे तंबू. "कधीचं बुकिंग करू, बाबा? पटकन सांगा, दुसरं कुणीतरी घेईल," ती म्हणाली. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. माघातल्या त्या शनिवारच्या चौकटीत पौर्णिमेचे चिन्ह होते. बुधवारी जावे, शनिवारी पहाटे समुद्रस्नान करावे आणि परतावे, असे मी ठरवले. तिथी साधून प्रवास आखल्याचे समाधान मला इतके झाले, की ते मी दोन शेजाऱ्यांनाही ऐकवले.

बुधवारी दुपारी आम्ही तिघे मुलीच्या गाडीने पोहोचलो. खोली लहान पण नेटकी होती. पुढे लाकडी ओटा, त्याला तीन पायऱ्या आणि समोर सुरूच्या झाडांमधून समुद्र. पत्नी गाडीतून उतरली, काठी टेकली आणि एकामागून एक येणाऱ्या लाटा पाहत राहिली. मग हात जोडून मला म्हणाली, "अहो, हा तर सारखा चालूच आहे." समुद्राचे इतके नेमके वर्णन मला कुठल्याही ग्रंथात आढळलेले नाही.

त्या जागेची सगळी व्यवस्था एक मध्यमवयीन बाई पाहत असत. स्वयंपाकही त्याच करत. आमच्यासाठी त्यांनी वेगळी चूल मांडली आणि देवपूजेला रोज सकाळी तुळस आणून दिली. माझा बाळकृष्ण आणि शाळीग्राम असलेला लाकडी संपुट त्यांनी मोठ्या कौतुकाने पाहिला. समुद्राचा नियम ऐकल्यावर मात्र पदर तोंडाला लावून त्या हसल्या.

"काका, मग आमचं काय व्हायचं? आमचा नवरा रोज कमरेएवढ्या पाण्यात असतो."

"ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांना हा नियम नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. मी त्याला सांगते, तुला सूट मिळाली."

गुरुवार आणि शुक्रवार असे गेले. मी पहाटे संध्या करी, मग पूजा. तोपर्यंत मुलगी आईची खुर्ची वाळूत नेऊन ठेवी आणि स्वतः दूरवर फिरून येई. पूजा आटोपून मी गेलो, की आम्ही दोघे कोरड्या वाळूत बसत असू. लाटा पाच-सहा हातांवर येऊन मोडत. पत्नी काठीच्या टोकाने ओल्या वाळूच्या कडेला रेघ ओढी, पुढची लाट ती पुसून टाकी आणि ती पुन्हा ओढी. मुलगी गुडघाभर पाण्यातून हाका मारी, "बाबा, पाय तरी भिजवा की." मी बोटांनी दोन दाखवी, मग दुसऱ्या दिवशी एक. शेजारच्या तंबूंत दोन कुटुंबे होती. त्यांच्या तळलेल्या मासळीचा वास पूजेच्या वेळी येई. पहिल्या दिवशी मी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी लक्षात आले, की खिडकी लावली तर समुद्राचा आवाजही येत नाही. मग ती उघडीच राहू दिली.

शनिवारी पहाटे मी नेहमीप्रमाणे संध्येला बसलो. स्नानाच्या संकल्पात वार, नक्षत्र, तिथी यांचा उच्चार करावा लागतो. तो अचूक व्हावा म्हणून मी पिशवीतून पंचांग काढले आणि बारीक अक्षरांवर भिंग धरले. चतुर्दशी दुपारी तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांपर्यंत होती. दिनदर्शिकेच्या चौकटीत चिन्हाखाली पौर्णिमा 'प्रारंभ' असे छापलेले असणार, आणि ते मी पाहिलेच नव्हते. तिथी मध्यरात्री बदलत नाही, ती आपल्या वेळी लागते आणि आपल्या वेळी संपते, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवले. दहाला खोली सोडायची होती.

बाहेर ओट्यावर पत्नी तयार होऊन बसली होती. जुने सुती लुगडे, मांडीवर नारळ आणि हळदीकुंकवाची पुडी. तीन पायऱ्या ती त्या दिवशी एकटीने उतरली होती आणि पुन्हा चढूनही आली होती. उतरता येते ना, एवढे पाहायला.

मी पंचांग मिटून आत उभा राहिलो. ते मिटलेलेच राहिले असते, तर कोणालाही काही कळले नसते. तिला पंचांग पाहता येत नाही, मुलीला पाहायचे नाही. ती पाण्यात उभी राहिली असती, प्रसन्न झाली असती आणि पुढच्या महिन्यात शस्त्रक्रियेला सामोरी गेली असती. हा विचार माझ्या मनात दोन-तीन श्वासांपुरता राहिला, हे मी लपवत नाही. पण तिथीचा उच्चार मलाच करायचा होता आणि चतुर्दशीला पौर्णिमा म्हणायला माझी जीभ वळणार नव्हती.

मी बाहेर जाऊन तिला सांगितले. तिने समुद्राकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"म्हणजे आज नाहीच?"

"आहे. दुपारी साडेतीननंतर. पण चूक माझी आहे. तू आत्ता चल. दोष लागला तर तो मला, प्रायश्चित्त मी घेईन."

मुलगी चहाचा पेला घेऊन येत होती. तिने सगळे ऐकले. "तीन दिवस तिला नुसतं बसवून ठेवलंत, बाबा. आणि आता म्हणता तारीख चुकली? घाट मला अंधारात चढायचा नाहीये. आई, ऊठ. मी नेते तुला."

पत्नी उठली नाही. "साडेतीनला काय जातंय," ती म्हणाली. "बसू की."

"कुठं बसणार? दहाला दुसरी माणसं येतायत इथं."

"वाळूत बसू. ती कुणाची थोडीच हाये."

शेवटी त्या व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनीच वाट काढली. एक तंबू संध्याकाळपर्यंत रिकामा होता. "तंबूत चालेल का काकांना? देव आहेत ना बरोबर," त्यांनी पत्नीला विचारले.

"देव वनवासात राहिलेत चौदा वर्षं," पत्नी म्हणाली. "ह्यांना एक दुपार जमंल."

तंबूचे दार कमरेइतके उंच होते. मी संपुट छातीशी धरून रांगत आत गेलो, तेव्हा मागून मायलेकींचे हसणे ऐकू आले. मुलीचा राग तिथेच ओसरला असावा. पत्नीला वाकता येत नव्हते, म्हणून तिच्यासाठी दाराशीच सुरूच्या सावलीत खुर्ची ठेवली. मी आत मांडी घालून बसलो, ती बाहेर. मध्ये कापडाची गुंडाळलेली कनात. मुलगी खोलीतले सामान गाडीत भरायला गेली.

भरतीचे पाणी चढत होते. मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. रागावू नका."

"सांग."

"परवा तुम्ही पूजेत होता. पोरीनं खुर्ची ठेवली न् ती गेली. पाणी चढत चढत आलं. घोट्यापर्यंत आलं. मी पाय काढले नाहीत."

शिक्षकाच्या सवयीने मी म्हणालो, "मग तो तुझा स्पर्श नव्हे. समुद्राने तुला स्पर्श केला. त्याला नियम नाही."

"ते मला नका सांगू. खुर्ची मागं सरकवता आली असती. मला सरकवायची नव्हती." तिने लुगड्याचा काठ सारखा केला. "गार होतं. बरं वाटलं. दोन-तीन लाटा आल्या, तोवर तशीच बसले. मग सरकवली."

"मग सकाळी चल म्हणालो तेव्हा का आली नाहीस?"

"तुम्ही नियम मोडून आला असता. पाण्यात उभं राहून सगळा वेळ त्याचाच विचार केला असता. मला पाय भिजवायचे नव्हते हो नुसते. ते तर परवाच भिजले. माझ्याजवळ उभं राहून तुम्ही पाण्याकडं बघावं, एवढंच होतं. पुढं हे गुडघे निघतील का नाही नीट, कुणाला माहीत. निघालेच तरी डॉक्टर वाळूत चालू देतील का, तेही माहीत नाही."

मी तंबूतून बाहेर आलो, रांगतच आलो. तिच्या खुर्चीजवळ वाळूत बसलो. तिच्या व्रतांचे, उपासांचे, सोवळ्या-ओवळ्याचे मी इतकी वर्षे मार्गदर्शन केले होते. एवढ्या वर्षांत तिने एक गोष्ट मला न विचारता केली आणि तीही मला सांगून टाकली. मला राग आला नव्हता. गुरुवारची ती दोन-तीन लाटांची वेळ मी खिडकी लावून आत बसलो होतो, याचे वाईट वाटत होते.

बाईंनी दुपारी वरणभात आणि काकडीची कोशिंबीर तंबूपाशीच आणून दिली. मुलगी आईच्या खुर्चीला पाठ टेकून जेवली आणि तिथेच थोडी झोपली. मी दोनदा घड्याळ पाहिले. पत्नीने एकदाही विचारले नाही.

साडेतीनला मात्र एक अडचण उभी राहिली, जी पंचांगात नव्हती. ओहोटी लागली होती. सकाळी सुरूच्या झाडांपर्यंत आलेले पाणी आता बरेच मागे गेले होते. मध्ये ओल्या वाळूचे मोठे पटांगण पसरले होते.

"काकूंना उचलून नेऊ का खुर्चीवर? इथं कामाला आम्ही चौघं आहोत," बाई म्हणाल्या.

"नको गं बाई," पत्नी म्हणाली. "मग कशाला थांबले."

तिने एक हात मुलीच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातात काठी घेतली. वाळू घट्ट होती, म्हणून काठी रुतत नव्हती. वीस-पंचवीस पावलांवर ती थांबे, श्वास घेई आणि पुढे निघे. मी एक पाऊल पुढे राहून खळगे सांगत होतो. अर्ध्या वाटेवर तिने मुलीला म्हटले, "तू आता मागं राहा. ह्यांचा हात धरते." मुलीने काठीही घेतली आणि तिथेच थांबली.

पाण्याच्या कडेशी आम्ही नारळ वाहिला, हळदकुंकू वाहिले. मग आत गेलो. पाणी प्रथम घोट्याला लागले, मग पोटऱ्यांना. मी पौर्णिमेचा उच्चार करून संकल्प सांगितला आणि तिच्या वतीनेही म्हटला. ओसरणारी लाट टाचांखालची वाळू ओढून नेत होती आणि तिची बोटे माझ्या मनगटाभोवती आवळली जात होती. गुडघ्यांपर्यंत पाणी आले तेव्हा आम्ही थांबलो. किनाऱ्यावरून मुलीने घाटाची आठवण करून दिली. मी हात वर करून थोडा वेळ मागून घेतला.

"दुखतंय का?" मी विचारले.

"पाण्यात नाही दुखत."

सूर्य पश्चिमेला कलला होता. तिने त्याच्याकडे पाहिले आणि मला म्हणाली, "अर्घ्य द्यायचंय ना? मला दोन्ही हात लागतील."

तिने माझे मनगट सोडले. वाकता येत नव्हते, म्हणून लाट वर येण्याची तिने वाट पाहिली आणि लाट आली तशी ओंजळ भरून घेतली. हळूहळू ते पाणी बोटांतून सोडताना ती थोडी डोलली, पण माझ्याकडे हात केला नाही. मीही माझी ओंजळ भरली आणि तिच्या शेजारी उभा राहून समुद्राकडे पाहू लागलो.