रुख्मिणीबाईंची नस

तळेगावच्या बाजारात रुख्मिणीबाईंचं बांगड्यांचं दुकान. समोरची बाई सासूची गाऱ्हाणी सांगत असायची, रुख्मिणीबाई तिला उत्तरं देत असायच्या, आणि तेवढ्यात तिचा हात दाबून, अंगठा आत मुडपून डझनभर काच मनगटात चढवून मोकळ्या व्हायच्या. हाताकडे बघायची त्यांना गरजच पडत नसे. बोटांना सगळं कळायचं. स्वभाव मात्र तापट. काम लांबलं की जीभ सुटायची.

दिवाळीआधी मालाच्या कपाटाची काच निखळली. ती धरायला त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मनगट आडवं चिरलं गेलं. नवरा मधुकरराव, ग्रामपंचायतीतले निवृत्त कारकून, त्यांना गाडीत घालून वर्ध्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर इलाबाईंनी दुर्बिणीखाली तुटलेली नस जोडली.

टाके निघाले, जखम भरली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र ठार बधिर. तव्यावरची भाकर उलटवताना बोट भाजलं, तेही त्यांना वासावरून कळलं.

महिना गेला तरी काही फरक नाही. गावाला मात्र कंठ फुटला. कोणी मोहाचं तेल चोळायला सांगे, कोणी लिंबू बांधायला. मधुकरराव तर रोज सकाळी चहा घेतला की विचारायचे, "काय वं, आलं का काही?"

"पाहुणा हाये का तो, आलं का म्हून इचारता?" रुख्मिणीबाई करवादायच्या.

शेवटी त्या एसटीनं वर्ध्याला गेल्या आणि इलाबाईंच्या टेबलावर हात आपटला. "डॉक्टरबाई, तुमी जोडली ना नस? मंग काऊन चालत नाई?"

इलाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मावशी, ही रक्ताची नस नाही, मज्जातंतू आहे. त्यात हजारो बारीक धागे असतात. एकेक धागा एकेका पेशीचा, आणि बोटांना स्पर्श कळवणारी ती पेशी बसलेली असते तुमच्या मानेत, मणक्याजवळ. तिथून बोटाच्या टोकापर्यंत तिचा एकच लांब धागा. तो कापला की पुढचा तुकडा मरतो. मी फक्त वरचं वेष्टण जोडलं. आतला धागा त्या पेशीलाच नव्यानं वाढवावा लागतो."

"तिले कोन सांगते, वाढ म्हून?"

"कापलेलं टोकच सांगतं. निरोप धाग्याच्या आतून मानेपर्यंत जातो. तो पोचला की पेशी वाढीचं सामान बनवून खाली पाठवायला लागते. हातात धाग्याभोवती ज्या पेशी असतात, त्याही 'इकडे ये' अशी रसायनं सोडतात. पण पेशीच्या आत वाढीला रोखणारे निरोपही असतात. दोघांची ओढाताण चालते. सगळं जमलं तर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर."

"आता तो ब्रेक कायले ठेवला देवानं?"

"नसता तर धागे भलतीकडे फुटले असते, मावशी."

रुख्मिणीबाईंना हे पटलं नाही. "आमच्यात बांगडी फुटली तं फुटली म्हनत नाई, वाढली म्हनते. तुमची नस तशी तं नाई वाढून राह्यली?"

इलाबाई हसल्या. रुख्मिणीबाई हसल्या नाहीत.

संक्रांतीच्या सुमारास तळहातात मुंग्या सुरू झाल्या. नुसत्या मुंग्या नव्हेत, करंट. साडीचा पदर लागला तरी झणका बसायचा. टाका तुटला, अशी खात्री होऊन त्या पुन्हा वर्ध्याला. इलाबाई मनगटापासून बोटांकडे टिचक्या मारत गेल्या. तळहाताच्या मध्यावर रुख्मिणीबाई ओरडल्या, तशा इलाबाई खूश.

"इथवर पोचली! नव्या धाग्याची टोकं अशीच झणझणतात."

"मी बोंबलून राह्यली अन् तुमी हासता?"

उन्हाळ्यात बोटांना स्पर्श कळू लागला, पण चुकीचा. तर्जनीला सुई टोचली तर मधल्या बोटात कळायची. घरी मुलगी रुचिकानं त्यांचे डोळे बांधून परीक्षा घेतली. दहातली निम्मी उत्तरं चुकली. इलाबाईंनी फोनवर समजावलं, की काही धागे चुकीच्या वाटेनं गेलेत, आता मेंदूला नवा नकाशा शिकावा लागेल. डाळ, सरकी, नाणी डोळे मिटून ओळखत राहा.

"ब्रेक ठेवूनही भलतीकडेच गेले ना?" रुख्मिणीबाईंनी फोन आदळला. सरकीची वाटी मात्र रोज पुढे घेतली. चुकलं की वाटीलाच शिव्या.

अशात रोहण्याहून लग्नाच्या चुड्याचं बोलावणं आलं. रुचिका नको म्हणत होती, तरी त्या गेल्या. नवरीच्या पहिल्याच हातात तीन काचा वाढल्या, रक्ताचा थेंब आला. नवरीची मावशी पुटपुटली, "दुसरी बांगडीवाली पाहून घ्या जी." रुख्मिणीबाईंच्या तोंडाशी जबर उत्तर आलं होतं. पण नवरीचे डोळे भरलेले दिसले. त्यांनी ते गिळलं, चष्मा चढवला, हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी डोळ्यांनी बघत चढवली. जे काम घटकेत व्हायचं, त्याला दुपार लागली. पण पुढे एकही फुटली नाही. परतीच्या एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून रडल्या. रागानं, असं त्या म्हणतात.

आता त्यांना गरम-गार कळतं, चिमटीत सुई धरता येते. तर्जनी अजून खोटं बोलते. परवा तपासणीला गेल्या तर इलाबाई म्हणाल्या, अजून वर्षभर सुधारणा होत राहील. "अजून वर्ष!" रुख्मिणीबाईंनी कपाळावर हात मारला.

बाहेर बाकावर नाचणगावचा भूपेंद्र बसला होता. कडबा कापायच्या यंत्रात मनगट सापडून चिरलेलं, नस नुकतीच जोडलेली. त्यानं विचारलं, "मावशी, तुमचं बरं झालं का?"

"पुरतं नाई. अन् तुले कोनी महिन्याभरात होते म्हनलं, तं आयकू नको. मुंग्या येतीन, चीड येईन, बोटं भलतंच सांगतीन. चुलीपासून हात दूर ठेवजो. अन् सरकीची वाटी सोडू नको."

तो घाबरून बघत राहिला. रुख्मिणीबाई त्याच्याजवळ बसल्या, त्याचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि कोणत्या बोटात काय कळतं, हे विचारायला लागल्या. तेवढ्यात समोरच्या थांब्यावरून त्यांची आर्वीमार्गे तळेगावला जाणारी एसटी सुटली. ड्रायव्हरच्या नावानं त्यांनी जे काही सुनावलं, ते ऐकून भूपेंद्र त्या दिवशी पहिल्यांदा हसला.