देवीला विचारलेला जाब

कडुलिंबाचा पाला उन्हात तापला की त्याचा कडवट वास मला चाकणजवळच्या आमच्या गावात, सत्तर वर्षं मागे नेतो. तेव्हा तिथं कारखाने नव्हते, नुसती कांद्याची शेतं होती. माझ्या चार वर्षांच्या बहिणीला देवी आल्या होत्या. आई तिला पाल्यावर निजवायची आणि रोज पहाटे ओलेत्यानं, अनवाणी जाऊन गावदेवीला पाणी घालायची. "तिच्यावर भार टाकलाय, ती पोरीला काय व्हऊ द्यायची न्हाई," असं ती ठामपणे म्हणायची, म्हणून मीही निर्धास्त होते. अकराव्या दिवशी बहीण गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आई पुन्हा कळशी घेऊन निघाली, तेव्हा मी तिची वाट अडवून ओरडले, "आता कशाला? फसवलं तिनं आपल्याला!" आई म्हणाली, "व्हय, फसवलं," आणि चालू लागली. मी मागोमाग गेले. कळशी बाजूला ठेवून ती मूर्तीपुढं बसली आणि "माझं काय कमी पडलं? सांग की!" असं घसा बसेपर्यंत विचारत राहिली. गुरव धावत आला. "बाई, सुतकात देवळात येऊ नये," तो म्हणाला. "मग कुठं जाऊ? मला दुसरं हाय कोण?" असं म्हणून आई उठली आणि तिनं ती कळशी रोजच्यासारखी मूर्तीवर रिकामी केली. त्या क्षणी मला वाटलं, आईसुद्धा देवीलाच फितूर झाली. पुन्हा मी त्या देवळाची पायरी चढले नाही. आज मी ऐंशीच्या घरात आहे, राग तेवढाच आहे, पण तो कुणापुढं काढायचा हे आईला ठाऊक होतं, मला नाही.