बेअरिंगची अंगठी

माझ्या थोरल्या साडूंइतका फटीचा द्वेष करणारा माणूस शहापूर तालुक्यात झाला नाही, आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातही झाला नसावा. दार आणि चौकट, डबा आणि झाकण, खिळा आणि भोक, ज्या दोन वस्तू एकमेकींना चिकटायच्या त्यांच्यात केसाचीही फट नको, हा त्यांचा धर्म. नोकरी शेतकी खात्यात कारकुनाची. आयुष्यात कुठल्या कारखान्यात त्यांनी हजेरी लावलेली नाही. पण नव्वद सालच्या आसपास मुरबाडचं एक वर्कशॉप बंद पडलं आणि तिथला जुना लेथ साडूंनी टेम्पोत घालून आपल्या गावी, शेणव्याला आणला. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवत ठेवून हत्याराने सोलत न्यायचं यंत्र. ते वजनदार धूड ठेवायला घरात जागा एकच, गोठा. म्हणून म्हैस पडवीत आली आणि लेथ गोठ्यात गेला. म्हशीने रागाने बरेच दिवस दूध चोरलं. साडूंच्या बायकोने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, जिला मी ताईच म्हणतो, एवढंच म्हटलं, "मला पडवीत बांधलं नाय, हे काय कमी हाय?"

लेथ आल्यावर घरातल्या एकेका वस्तूवर संक्रांत आली. लोणच्याच्या बरणीला साडूंनी ॲल्युमिनियमचं झाकण बनवलं. ते इतकं नेमकं बसलं की पुढच्या कैऱ्या आल्या तरी मागचं लोणचं कोणाला चाखता आलं नाही. साडू ती बरणी पाहुण्यांना दाखवत आणि म्हणत, "मुंगी सोडा, वास पण नाय जात आत." बाहेर तरी कुठे येत होता. मग न्हाणीघराची पितळी कडी झाली. माझं दुर्दैव असं, की ऐन पावसात दार फुगलेलं असताना तिचं उद्घाटन माझ्या हातून झालं. मी अंगाला पंचा गुंडाळून आत, साडू बाहेर. कडी सरकेना. मी हाका मारल्या, दार बडवलं. बाहेरून साडूंचा अगदी शांत आवाज आला, "साडू, आधी मला सांगा, आतून कुठं फट दिसते का?" मी नाही म्हटल्यावर त्यांना जो आनंद झाला, तो मला दाराआडूनसुद्धा कळला. मला बाहेर काढायला ताईंनी बिजागऱ्या उखडायला लावल्या.

दर रविवारी गोठ्यात दरबार भरे. मुरबाडच्या कारखान्यात फिटर असलेले एक दोस्त यायचे आणि खर्डीहून एक निवृत्त रेल्वेवाले. या तिघांनी मिळून आठ वर्षांत काय बनवलं असं विचाराल तर सांगता येणार नाही, कारण त्यांचा खरा छंद लोखंड कापण्याचा नव्हता, एकमेकांना सल्ले देण्याचा होता. हत्याराला धार कुठल्या कोनात द्यावी यावर चहाच्या तीन फेऱ्या होत. फिटर म्हणत तेल घाला, रेल्वेवाले म्हणत साबणाचं पाणी घाला, आणि साडू दोघांना सांगत, "तुमी मशीन बघू नका, मशीनचा आवाज ऐका." मग तिघंही माना तिरक्या करून ऐकत बसत. एवढ्यात वीज जाई. त्या काळी शेणव्याला वीज असणं हीच बातमी होती. त्यावर साडूंनी शोध लावला. जुन्या सायकलच्या मागच्या चाकाचा टायर काढला आणि तिथून पट्टा लेथला जोडला. एकाने सायकल मारायची आणि दुसऱ्याने लोखंड सोलायचं. लेथ फिरे, पण रहाटासारखा, रडतखडत. आम्ही सगळे पोट धरून हसलो. ताई म्हणाल्या, "ह्यापेक्षा म्हैस जुंपा." साडूंना हसण्याचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "हळू फिरलं तर तापत नाय गो. ध्यानात ठेव."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा माणूस बायकोला साडी आणतो. साडूंनी अंगठी दिली, आणि तीही बेअरिंगची. पंपाच्या एका बेअरिंगची आतली कडी ताईंच्या बोटाच्या मापाची आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तेवढ्यावर त्यांना महिनाभर झोप आली नाही. कडी घासून घासून त्यांनी आरशासारखी केली. वर गोळ्या फिरायची जी खाच असते, ती नक्षीसारखी दिसत होती, हे मला मान्य करावं लागेल. पूजेच्या दिवशी चारचौघांत त्यांनी ती ताईंच्या बोटात सरकवली. बसली, आणि अशी बसली की साडूंनी बोट उजेडात धरून सगळ्यांना दाखवलं. "सोनं झिजतं," ते म्हणाले, "ही झिजायची नाय. हिला कापायला जगात हत्यार नाय." ताई लाजल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा लाजताना पाहिलं.

हे बोल साडूंना पुढच्या भादव्यात नडले. रविवार होता. ताई भाताच्या बांधावर गवत काढत होत्या आणि झुडपातल्या गांधीलमाश्यांनी त्यांना गाठलं. चावा पडला तो नेमका त्या बोटाच्या मुळाशी. दुपारपर्यंत बोट सुजून वांग्याच्या रंगाचं झालं आणि अंगठी मांसात रुतली. मी जीप मिळवून दोघांना शहापुरात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी साबण लावून पाहिला. अंगठीखालून दोरा घालून काढायची त्यांची हातखंडा युक्ती होती, पण दोरा जायला फट हवी ना. सोनाराकडे गेलो तर त्याच्या कातरीचे दात गेले. दवाखान्यात परतलो तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "संध्याकाळपर्यंत रक्त सुरू झालं नाही तर बोट वाचणार नाही. कल्याणला न्या. पण एवढं कडक लोखंड तिथेही कोणी लोहारच कापणार." साडूंनी ते ऐकलं. ते एवढंच म्हणाले, "लोहार मीच हाय, डॉक्टर. तुमी सोबत चला." भला माणूस, स्कूटर काढून जीपमागे आला.

गोठ्यात फिटर आणि रेल्वेवाले वाट बघत बसलेलेच होते. त्यांनी अंगठी पाहिली आणि दोघांचे डोळे चमकले, कारण इतका अवघड प्रश्न आठ वर्षांत समोर आला नव्हता. फिटर म्हणाले, "कडक स्टील हाय. लालबुंद तापवा, राखेत हळू थंड होऊ द्या, मऊ पडेल. मग करवत पण चालेल." रेल्वेवाल्यांनी मान डोलावली, "बरोबर. पण राख लाकडाची पायजे." साडूसुद्धा सवयीने कोपऱ्यातल्या भट्टीकडे वळले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा ताई दुसऱ्या हाताने पदर सावरत म्हणाल्या, "अवो, आत बोट हाय माझं. ते पण राखेत घालता काय?" तिघं जागच्या जागी थिजले. त्यांच्या हिशेबात कडी होती, माप होतं, पोलाद होतं, बोट तेवढं कुठेच नव्हतं. साडू जमिनीवर मटकन बसले आणि पोरासारखे रडू लागले.

मग मात्र तिघांनाही एकदमच आठवलं. दांड्यावर बेअरिंगची कडी अडकते तेव्हा ती पुरती कापत नाहीत. समोरासमोर दोन खाचा पाडतात आणि दाबतात. कडक पोलाद वाकत नाही, खाचेत तडकतं. पण खाच पाडायला हत्यारांना धार लावायची सहाण फिरायला हवी, आणि वीज गेलेली. विजेवर ती जोरात फिरली असती तर अंगठी तापून बोट भाजलं असतं, हे नंतर कळलं. शेवटी सहाणेचा पातळ दगड लेथमध्ये अडकवला आणि मी सायकलवर बसलो. डॉक्टर तांब्याने पाण्याची धार धरून उभे. फिटर पुढे झाले, "ह्यांच्या डोळ्यांत पाणी हाय, मी धरतो." ताईंनी हात मागे घेतला. "ह्यांनीच घातली, हेच काढतील," त्या म्हणाल्या, "मी बोट दुसऱ्याच्या हातात नाय द्यायची."

मी आयुष्यात इतकी मन लावून सायकल मारली नाही. साडूंनी ताईंचं बोट दोन्ही हातांत धरलं, दगडाला टेकवलं, काढलं, पुसलं, पाहिलं, परत टेकवलं. सल्ला द्यायला तोंड उघडणाऱ्या रेल्वेवाल्यांना फिटरांनी चिमटा काढला. गोठ्यात दगडाची खरखर आणि माझी धाप, एवढाच आवाज. एक खाच झाली, मग दुसरी. साडूंनी शेगड्याच्या, म्हणजे मूठ फिरवून वस्तू आवळायच्या यंत्राच्या, जबड्यांत अंगठी अलगद धरली आणि मूठ एक केस फिरवली. टक् असा आवाज झाला आणि दोन तुकडे शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडले. ताईंनी श्वास सोडला. डॉक्टरांनी नख दाबून पाहिलं. थोड्या वेळाने त्यात लाली भरत गेली, आणि मग ते हसले. मला पेडल थांबवायचं भान राहिलं नव्हतं. कोणीतरी येऊन मला उतरवलं. फिटर आणि रेल्वेवाले एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि मी पडवीत जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उगाच उभा राहिलो. इतकं हलकं मला पोरीच्या लग्नानंतरही वाटलं नव्हतं.

आता लेथवर गोणपाटं आहेत. साडूंना मोतीबिंदूनंतर बारीक काम दिसत नाही. फिटर पोराकडे नाशकाला गेले आणि खर्डीचे रेल्वेवाले आता नाहीत. मागच्या दिवाळीत शेणव्याला गेलो तर न्हाणीघराची तीच कडी आता खुळखुळत होती. साडूंना सांगितलं, तर म्हणाले, "राहू द्या. निघते ना?" ताई मला चहा द्यायला आल्या तेव्हा बोटातली अंगठी दिसली. त्या दिवसानंतर महिन्याभरात साडूंनी बनवून दिलेली, साध्या पितळेची, आणि खालच्या बाजूला मुद्दाम चीर ठेवलेली, चांगली तांदूळ जाईल एवढी. तिच्यात पदराचा धागा अडकतो. ताई दर वेळी कुरकुरतात, धागा सोडवतात, आणि अंगठी बोटात तशीच ठेवतात.