दुप्पट वेगाचं गाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — थांबा, गंमत इथेच आहे — ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. दिल्लीतल्या मराठी मंडळांत, लग्नाच्या पंगतीत, फरीदाबादच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत. हातवारे करून, तोंड वेडंवाकडं करून. लोक पोट धरून हसतात, बायका डोळे पुसतात. पण मी सांगतो ती गोष्ट वेगळी आणि घडली ती वेगळी. घडलेली आज पहिल्यांदा सांगतोय.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर तुम्हाला माझं पाप कळायचंच नाही.

मी गाण्यांचे व्हिडिओ करतो. ऐकायला फार भारी वाटतं, पण प्रकार मोजकेच असतात. एक — गाणारा स्वतः कॅमेऱ्यापुढे उभा राहून गातो. इथे सगळी मदार ओठांवर. ओठ आणि शब्द जरा जरी मागेपुढे झाले, तरी बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो. दुसरा गोष्टीचा. एक मुलगी, एक बाल्कनी, एक सुटलेली बस, आणि वरून आवाज. इथे कुणी ओठ हलवत नाही, म्हणून चेहरा कुणाचाही चालतो. तिसरी या दोघांची खिचडी. चौथा नुसता अक्षरांचा, पडद्यावर शब्द येतात आणि जातात — सगळ्यात गरीब आणि सगळ्यात प्रामाणिक.

आणि माझी खासियत म्हणजे स्लो. केस हळू उडतायत, ओढणी तरंगतेय, पान पडता पडेना, आणि गाणारीचे ओठ मात्र गाण्याबरोबर अचूक. कसं होतं हे? सोपं आहे. शूटिंगला गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गाणारीने त्याच वेगाने गायचं, कॅमेऱ्याने सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास चित्रं घ्यायची. मग एडिटला सगळं निम्म्या वेगावर आणायचं. ओठ गाण्यावर येतात, बाकी जग तरंगतं. शूटिंगच्या वेळी मात्र महाविनोदी दृश्य असतं! स्पीकरमधून गाणं चिमणीसारखं चिवचिवतं आणि भला थोर गायक खारीसारखं तोंड चालवतो. त्या वेगात कुणीच सुंदर दिसत नाही. कुणीच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी ते त्या दिवशी बोललो नाही.

एस्तेरताई मूळच्या नगरच्या. नवरा केंद्र सरकारात, घर दिल्लीत आर. के. पुरमला, स्वतः एका शाळेत संगीत शिकवायच्या. लहानपणापासून चर्चमध्ये गायलेल्या. वय त्रेचाळीस. आवाज — आवाजाबद्दल मी बोलणार नाही, मला तो हक्क नाही. फरीदाबादला भाटियाजी म्हणून एक कारखानदार होते, नळाच्या तोट्या बनवायचे. हौस म्हणून त्यांनी गाण्यांचं चॅनल काढलं होतं. त्यांनी एस्तेरताईंना एका कार्यक्रमात ऐकलं आणि हिंदी गाणं रेकॉर्ड केलं. ताईंचं पहिलं स्वतःचं गाणं. व्हिडिओ माझ्याकडे आला.

मीच म्हणालो, पहिल्या प्रकारचा करू, ताई स्वतः दिसतील, सगळं स्लो. त्यांना दुप्पट वेगाचं गाणं मोबाईलवर पाठवलं. बारा दिवस त्यांनी त्याचा सराव केला. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना. त्यांची मुलगी रूथ तेव्हा दहावीत होती, ती हसून हसून लोळायची म्हणे. ताईंनी केसांना आयुष्यात पहिल्यांदा रंग लावला.

सूरजकुंडच्या बाजूला एका फार्महाउसवर शूटिंग झालं. कॅमेरा मी स्वतःच धरला — मिरवायला कोणाला आवडत नाही? सकाळी चालण्याबसण्याचे साधे शॉट घेतले, पंचवीसवर. अकराला गाणं सुरू केलं. चिमणी चिवचिवायला लागली, ताई गायल्या. एक शब्द चुकल्या नाहीत. उन्हं कलेपर्यंत मी तेच गाणं सतरा वेळा घेतलं, आणि सतराही वेळा त्या अचूक. निघताना मला म्हणाल्या, "दादा, जमलं ना हो?" मी म्हणालो, "बिल्कुल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी एडिटला बसलो. गाणं लावलं, चित्र निम्म्या वेगावर आणलं — आणि ताईंचा चेहरा झटके देत हलायला लागला. ओठ शब्दावर बरोबर, पण मधली हालचालच नाही. जणू कुणी फोटोंची चळत एकेक करून पुढ्यात टाकतंय.

कॅमेरा पंचवीसवरच राहिला होता. मी पन्नासवर केलाच नव्हता. एक बटण.

एवढंच? हो, एवढंच. इथपर्यंत ती चूक होती, आणि चुकीला कुणी कबुलीजबाब देत नाही. भाटियाजींना म्हणायचं, "भाईसाहब, गलती हो गई, एक दिन और दे दीजिए." त्यांनी दिला असता, माणूस तसा होता. मग मी का नाही म्हणालो? मी स्लोवाला होतो ना! त्याच नावावर त्यांची आणखी सहा गाणी मला मिळायची होती. स्लोवाला बटण विसरला — हे मी स्वतःच्या तोंडाने कसं सांगणार?

भाटियाजी दुपारी आले. मी त्यांच्यासमोर ताईंचं चित्र लावलं. निम्म्या वेगावर नाही. जसं घेतलं होतं तसं, धावतं. आणि त्याखाली गाणं मूळ वेगाचं, संथ. तुम्ही डोळ्यांसमोर आणा. गाणं आर्त, ओढ लावणारं, आणि वर एक त्रेचाळीस वर्षांची बाई खारीसारखं तोंड चालवतेय.

भाटियाजी खो खो हसले. "ये मैडम कर क्या रही हैं, यार?"

आता खरं सांगतो. तोवर मी सावरू शकलो असतो. पण कुणी हसलं की मला राहवत नाही, लहानपणापासून. मी उठलो आणि ताईंची नक्कल केली. ओठ, भुवया, मान, सगळं. भाटियाजी खुर्चीतून घसरायचे बाकी होते. मग मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "क्या करें जी, आवाज़ अच्छी है, कैमरे के सामने नहीं होता इनसे."

आठवड्याभरात व्हिडिओ दुसऱ्या प्रकारचा झाला. नोएडाची बावीस वर्षांची मॉडेल, बाल्कनी, सुटलेली बस. गाणं चाललं, बऱ्यापैकी चाललं. लोक त्या मुलीच्या डोळ्यांची तारीफ करायचे. ताईंचं नाव व्हिडिओखालच्या मजकुरात होतं, 'आणखी पहा' दाबलं की दिसायचं.

व्हिडिओत त्या दिसणार नाहीत, हे ताईंना मी आधीच बोलावून सांगितलं होतं. त्या भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला बघायचंय, कुठे चुकलं ते." मी तेच लावलं, जे भाटियाजींना लावलं होतं. त्यांनी पूर्ण पाहिलं. मग तोंडावर हात ठेवला.

"दादा, मी गाताना अशी दिसते?"

ते एक वाक्य आठवतंय ना तुम्हाला? मलाही तेव्हा आठवत होतं. मी स्क्रीन बंद केली.

"पण हे स्लो होणार होतं ना?"

"करून बघितलं, ताई. स्लो केल्यावर तर अजूनच वाईट दिसतं."

हे खोटं नव्हतं. मी असा बेतला होता तो शब्द न् शब्द, की कुणी विचारलं तर खोटा पडू नये.

त्यानंतर कधीतरी त्यांनी शाळेत गाणं शिकवणं सोडलं, तिथलंच ग्रंथालय सांभाळायला घेतलं. हे मला उडत उडत कळलं. आणि मी? मंडळांच्या कार्यक्रमांत मी नकलांचा खेळ करतो, त्यात ती नक्कल घेतली. 'गाणारी बाई'. नाव घ्यायचो नाही, तेवढी सभ्यता! एकदा एका मंडळाच्या कार्यक्रमात ती रंगात आली असताना मला तिसऱ्या रांगेत एस्तेरताई दिसल्या. शेजारी रूथ, आता नोकरीला लागलेली. मी थांबलो का? नाही. प्रेक्षक माझ्या हातात होते. ताई हसत होत्या, तोंडावर हात ठेवून.

नंतर चहाच्या टेबलापाशी त्या म्हणाल्या, "छान करता हो. अगदी मीच." त्या पुढे गेल्या. रूथ थांबली. "अंकल, आई आता चर्चमध्येपण गात नाही. सगळे उभे राहतात तेव्हा नुसतं गीतांचं पुस्तक धरून असते. ये भी डालिए ना अपने आइटम में."

मी कप खाली ठेवला आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागलो.

या वर्षी एक नवं सॉफ्टवेअर घेतलं. ते राहून गेलेली चित्रं मधे स्वतः भरतं. मी जुनी हार्ड डिस्क काढली, त्या दिवशीचं सतरावं गाणं लावलं, निम्म्या वेगावर. झटके गेले. ऊन कललेलं, एक बट गालावरून हळू हळू मागे जातेय, आणि ताई गातायत. ओठ आणि शब्द, एका ठिकाणीही फट नाही. मी दोनदा पाहिलं. पंचवीस वर्षांत इतकं चांगलं मी कुणाचं घेतलेलं नाही.

त्यांना पाठवलं नाही. पाठवलं असतं तर त्यांना कळलं असतं.

महिन्याभरापूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत लोकांनी फर्माईश केली, "ती गाणारी बाई करा ना!" मी केली. टाळ्या पडल्या. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी नंतर विचारलं, "अहो, खरंच होती का अशी कुणी?"

मी म्हणालो, "होती की. बिचारीला गाता यायचं नाही."